मॉरिस मायनर की फोर्ड अँग्लिया?

मामा इंग्लंडला गेले तेव्हा त्यांनी आधी मायनर १००० ही गाडी घेतली, मग अँग्लिया १०५ई. दोन्ही जुन्याच. कुठली बरी हा वाद आजही मिटलेला नाही.

मायनर १९४८ची, अ‍ॅलेक इसिगोनिस या गाड्यांच्या रचनाकाराच्या डोक्यातून आलेली. पुढे मिनी ही गाडीही त्याचीच. उत्पादनाच्या ऐन तोंडावर गाडी अरुंद वाटली, म्हणून त्याने नमुना मधोमध कापून चार इंच रुंद केला. बॉनेटवरची उंच पट्टी ही त्याचीच खूण. धुताना मामा तिच्यावरून हमखास बोट फिरवायचे. रॅक अँड पिनियन स्टिअरिंगमुळे (दातेरी पट्टी आणि चक्राने चाकं वळवणारी रचना) गाडी हातात अशी बसते की वळणावळणाचे अरुंद रस्ते हवेहवेसे वाटतात. पण जोर बेताचाच: ९४८ सीसी, चढावर गिअर उतरवलाच पाहिजे. शिवाय पुढच्या सस्पेन्शनच्या ट्रनियनला (चाकाला वळू देणाऱ्या सांध्याला) वेळच्या वेळी ग्रीस हवं, नाहीतर चाक आडवं पडायचं.

अँग्लिया १९५९ची. ९९७ सीसी इंजिन मोकळेपणी फिरतं, लांबच्या रस्त्याला तीच बरी. मागची काच उलट्या उताराची (वरची कड मागे, खालची आत), त्यामुळे पावसात बरीच स्वच्छ राहते आणि मागे बसणाऱ्याचं डोकं छताला लागत नाही. मामी म्हणायची, "गाडी उलटी बसवलीय की काय!" गंज मात्र दोघींनाही सोडत नाही.

रोज चालवायची तर मी अँग्लिया घेईन. रविवारी सकाळी, कुठेच पोचायची घाई नसताना, मायनर. मामांना विचाराल तर ते फक्त मायनरच म्हणतील, आणि विकली याचं दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगतील.