नायलॉन की कार्बन? तारा निवडण्याआधी नखं बघा

सीताबर्डीत तारा घ्यायला निघालेला भाचा विचारतो, मामा, क्लासिकल गिटारला नायलॉन लावू की कार्बन? पाकिटावरचं 'कॉन्सर्ट टोन' वगैरे सोड बाबा. कार्बन म्हणजे इथे फ्लोरोकार्बन नावाचं प्लास्टिक. फरक पडतो तो साध्या तीन तारांचा. बाकी तिघींवर दोन्हीकडे धातूची गुंडाळी असतेच.

आवाज: कार्बनची घनता नायलॉनच्या सुमारे दीडपट, म्हणून त्याच सुराला तार बारीक लागते आणि आवाज चकचकीत येतो. नायलॉनची तिसरी तार जाड, जरा दबकी वाजते. तिथे कार्बन सरळ जिंकतो. पहिल्या तारेवर मात्र लांब नख लागलं की कार्बन किरकिरतो. नायलॉन तिथे गोड.

नखं: आधी बोटाचं मांस टेकावं, मग तार नखावरून घसरावी. कडेला बारीकशी खाच असली तरी खरखर ऐकू येते. बारीक पॉलिश पेपर फिरव. स्पेनचे गिटारवादक बघ: तारेगाने उतारवयात नखं सोडली, सेगोवियाने ठेवली; दोघेही मोठेच. नुसत्या बोटाने नायलॉन फारच मऊ वाटतं, कार्बन भरपाई करतो.

सूर: नायलॉन ओल शोषतं. मे महिन्यात आपल्याकडे कूलर सुरू-बंद झाला की पुन्हा खुंट्या पिळत बसा. कार्बन लवकर स्थिरावतो. कोरड्या उन्हाळ्यात नखंही तडकतात, ते वेगळंच.

किंमत: कार्बन बहुधा महाग.

नखं कडक, हात जोरकस असेल तर नायलॉन घे. नखं टिकतच नसतील किंवा गिटार मुळातच दबकी असेल तर कार्बन. फक्त तिसरी तार खटकत असेल तर तेवढीच कार्बनची लाव.