फ्रीपीबीएक्स: बिझी टोन लावून घेताना

छोट्या ऑफिसला फ्रीपीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं फोन एक्स्चेंज चालवणारं मोफत सॉफ्टवेअर, पुरून उरतं. पण ‘बोलणं चालू असेल तर बिझीच वाजलं पाहिजे’ ही साधी मागणी नुसत्या इन्स्टॉलेशनवर भागत नाही.

पहिली अडचण कॉल वेटिंगची. नव्या एक्स्टेंशनला (ऑफिसातल्या फोनच्या अंतर्गत नंबराला) ते मुळातच चालू येतं. साहेब फोनवर असले तरी बाहेरच्याला रिंग ऐकू येते, आणि ‘उचलतच नाहीत’ अशी तक्रार येते. त्या फोनवरून *७१ लावलं की ते बंद, *७० ने पुन्हा चालू. पण व्हॉइसमेल दिलेला असेल तर बिझी वाजण्याऐवजी कॉल तिकडे वळतो. म्हणून एक्स्टेंशनच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या ऑप्शनल डेस्टिनेशन्समध्ये ‘बिझी’समोर टर्मिनेट कॉल आणि त्यात बिझी निवडा.

खरी मेख पुढे आहे. सिप ट्रंकवरचा (इंटरनेटवरून येणाऱ्या फोन लाइनवरचा) कॉल अजून उचललेला नसेल तर ४८६ हा ‘बिझी’चा कोड परत जातो आणि टोन समोरच्याची कंपनी वाजवते. पण आयव्हीआरने (आपोआप बोलणाऱ्या मेनूने) ‘स्वागत आहे’ म्हटलं की सिस्टिमने कॉल उचलला असंच धरलं जातं. आता टोन आपली सिस्टिम वाजवणार, आणि तोही अमेरिकन: ४८० आणि ६२० हर्ट्‌झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपल्याकडचा ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये कंट्री इंडिकेशन टोन्स ‘इंडिया’ करा. टेबलावरचे आयपी फोन मात्र ४८६ मिळाल्यावर स्वतःचाच टोन वाजवतात. तो फोनच्या वेब पेजवरून वेगळा बदलावा लागतो. हे हमखास राहून जातं.

ॲनालॉग लाइन (तांब्याच्या तारेची जुनी लाइन, जी सर्व्हरमधल्या कार्डाला जोडतात) असेल तर काम वाढतं. समोरच्याने फोन ठेवला की एक्स्चेंज बिझी टोन देतं; तो कार्डाला ओळखता आला नाही तर लाइन अडकून राहते, व्हॉइसमेलमध्ये नुसतं टूं-टूं भरतं आणि पुढच्या ग्राहकाला लाइन एंगेज मिळते. डाहडीमध्ये (हे कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये) लोडझोन ‘इन’ म्हणजे भारत, बिझी डिटेक्ट चालू, बिझी पॅटर्न ७५०,७५० ठेवा. बिझी काउंट, म्हणजे किती टूं ऐकल्यावर लाइन सोडायची तो आकडा, ४ ठेवला तर लाइन साधारण ६ सेकंदांत सुटते, ६ ठेवला तर ९. काउंट फार कमी केला तर चालू बोलणंच तुटतं, कारण आवाजातली लय टोन समजली जाते. कॉल प्रोग्रेस हे सेटिंग बंदच राहू द्या; त्याने नसत्या भानगडी होतात. टेलिफोन कंपनी पोलॅरिटी रिव्हर्सल (फोन ठेवल्यावर तारेतले प्लस-मायनस उलटणं) देत असेल तर आधी तेच मागा. तारेवरचा तो इशारा टोन ऐकून केलेल्या अंदाजापेक्षा कधीही पक्का.

आणि ॲनालॉगवर येणाऱ्या, न उचललेल्या कॉलला बिझी देताच येत नाही. कार्ड फक्त उचलू शकतं, नाहीतर रिंग वाजू देऊ शकतं. सिप ट्रंक असेल तर फ्रीपीबीएक्स बिनधास्त घ्या. फक्त ॲनालॉग लाइन असतील तर चांगल्या कार्डाचा खर्च आधी धरा.