मॅकार्टनी वकिलातीचा १७९७चा संच: आधी अ‍ॅटलास उघडा

जॉर्ज स्टॉन्टन हा ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनीच्या चीनमधल्या वकिलातीचा चिटणीस. १७९२ साली निघून १७९४ साली परतलेल्या त्या वकिलातीचा त्यानं लिहिलेला अधिकृत वृत्तांत लंडनला १७९७ साली निघाला. मजकुराचे क्वार्टो (मध्यम मोठ्या) आकाराचे दोन खंड आणि फोलिओ (सगळ्यात मोठ्या) आकाराचा वेगळा अ‍ॅटलास असा हा संच आहे. अ‍ॅटलासात चित्रं, नकाशे, आराखडे मिळून ४४ पत्रं, म्हणजे वेगळी छापलेली चित्रपानं. नुसते दोन खंड विकायला आले तर घेऊ नका; या पुस्तकाचा जीव अ‍ॅटलासात आहे.

मजकूर संथ आहे. मदेरा, रिओ, जावा करत जहाजं चीनला पोचेपर्यंत पहिला खंड बराचसा संपतो. दुसरा मात्र सलग वाचावा असा.

चित्रं वकिलातीबरोबर गेलेला चित्रकार विल्यम अलेक्झांडर याची. त्यातलं उतारावरून जाणाऱ्या बोटीचं चित्र भिंगाखाली धरावं. कालव्याच्या दोन भागांत पाण्याची पातळी वेगळी, मध्ये दगडी उतार. दोन्ही बाजूंचे रहाट माणसं फिरवतात, दोरानं बोट माथ्यावर चढते आणि पलीकडच्या पाण्यात स्वतःच्या वजनानं घसरते. एवढी सगळी यंत्रणा एका चित्रात नीट कळते, आणि कालव्यांचा हा प्रवास अलेक्झांडरनं स्वतः केला होता.

महाभिंतीचं तसं नाही. मॅकार्टनी १४ सप्टेंबर १७९३ला जेहोल इथं, म्हणजे उन्हाळी मुक्कामाच्या जागी, छियानलोंग बादशहाला भेटला, तेव्हा अलेक्झांडर पेकिंगमध्येच (आजचं बीजिंग) होता. भिंतीची आणि जेहोलची चित्रं त्यानं वकिलातीतल्या तोफखान्याचा लेफ्टनंट हेन्री विल्यम पॅरिश याच्या रेखाटनांवरून काढली. म्हणून भिंतीचा आराखडा आणि छेदचित्र (भिंत आडवी कापल्यासारखी दाखवणारं) कामाचे आहेत, पण बादशहाच्या स्वारीच्या चित्रातल्या चेहऱ्यांवर विसंबू नये.

घेताना पत्रं एकेक करून मोजा, विक्रेत्याच्या ‘संपूर्ण’वर जाऊ नका. सुटी चित्रं चौकटीत घालून विकता येतात, त्यामुळे ती काढून घेतलेली असतात. कण्याजवळ, म्हणजे पानं शिवलेल्या बाजूला, कापलेल्या कागदाची अरुंद पट्टी उरली असेल तर तिथलं पान गेलं असं समजा. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, म्हणून पत्र्याची दाबखूण चित्राभोवती बोटाला लागते. ती कुठेच नसेल तर कडा फार छाटल्यात किंवा पान नंतरचं आहे. दहापट भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई आधुनिक, वादच नको. साधारण प्रती बिनरंगी असतात. रंग दिसला तर तो बहुधा मागाहून भरलेला, आणि तो मागच्या बाजूला झिरपलाय का तेही बघा. मजकुराच्या दोन्ही खंडांच्या शीर्षकपानांवरचं साल जुळवा, कारण १७९८ साली दुसरी आवृत्ती निघाली आणि दोन्ही आवृत्त्यांचे खंड एकत्र करून विकले जातात. १७९७चीच एक संक्षिप्त ऑक्टाव्हो (क्वार्टोहून लहान आकाराची) आवृत्तीही आहे, ती या संचाच्या जागी चालणार नाही.

मोठा घडीचा नकाशा हमखास घड्यांच्या छेदावर फाटतो. मागून पातळ जपानी कागद लावला असेल तर चांगलं. चिकटपट्टी असेल तर तिचा पिवळा डाग सहसा पूर्ण निघत नाही. तपकिरी ठिपके आणि समोरच्या पानावर उमटलेली शाईची सावली चालवून घ्यावी. अ‍ॅटलास मात्र उभा ठेवू नका: पानांच्या वजनानं कण्याची शिवण सुटते. तो आडवा ठेवा, वर दुसरं काही रचू नका आणि उघडताना दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशी द्या.