१६ लिटरचा बॅटरी फवारणी पंप: घ्यावा, पण सोबतच्या नोजलवर विसंबू नये

तणनाशकं वापरावीत की नाही, कोणत्या कीटकनाशकावर बंदी घालावी, हा वाद दर हंगामात रंगतो. त्यात पंपाचा विषय क्वचितच निघतो. खरं तर बाटलीतलं औषध पिकावर किती पडणार, शेजारच्या रानात किती उडणार आणि फवारणाऱ्याच्या पाठीवर किती झिरपणार, हे पंपाच्या हातात असतं. म्हणून आज गावोगाव दिसणारा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर बॅटरीचा, एका मोटरचा, १६ लिटर टाकीचा पंप इथे तपासायला घेतला आहे. बाजारात तो साधारण दोन ते साडेचार हजारांत मिळतो. २०२४ साली कापूस-सोयाबीनच्या विशेष कृती आराखड्यातूनही राज्यात बॅटरी पंपांचं वाटप झालं.

आधी जमेची बाजू. दांडा हलवायचा नसल्याने डावा हात मोकळा राहतो आणि दाब हातपंपासारखा दर पावलाला कमीजास्त होत नाही. चांगली बॅटरी एका चार्जिंगमध्ये १५ ते २० टाक्या सहज काढते. वेग कमी-जास्त करायचं बटण असेल तर दाब आपल्याला हवा तसा ठेवता येतो. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाच्या मानाने वजन कमी, आवाज नाही आणि थेंबही तितके धुक्यासारखे होत नाहीत. एक-दोन एकरवाल्यासाठी यापेक्षा सोयीचं साधन नाही.

आता नोजल, म्हणजे फवारा सोडणारं टोकाचं तोंड. पंपासोबत प्लास्टिकचं फिरवून कमीजास्त करायचं एक नोजल येतं आणि बहुतेक जण वर्षभर त्यानेच सगळं मारतात. त्याचा फवारा दर वेळी वेगळा पडतो, कारण किती आटे फिरवले याची खूण कुठेच नसते. ते काढून ठेवा आणि दोन नोजल वेगळे विकत घ्या. कीटकनाशक आणि बुरशीनाशकासाठी पोकळ शंकूसारखा फवारा टाकणारं नोजल, दाब ३ ते ४ बार (बार हे दाबाचं माप). तणनाशकासाठी पंख्याच्या आकाराचा पट्टा टाकणारं नोजल किंवा ज्याला दुकानदार ‘कट नोजल’ म्हणतात ते, दाब दीड ते दोन बार. दाब वाढला की थेंब बारीक होतात, आणि थेंबाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात. पानाच्या खालच्या बाजूला बसलेल्या तुडतुड्या-मावासाठी ते चांगलं, पण तणनाशकाचे असे बारीक थेंब झुळकेबरोबर बांधापलीकडे जातात. पंपावर छापलेले ‘१०० पीएसआय’ (हेही दाबाचंच माप) वगैरे आकडे फवारा सोडायचा खटका बंद असताना मोटर कधी थांबते ते सांगतात. नोजलच्या तोंडाशी तेवढा दाब नसतो. पंपाला दाबमापक नसणं ही या वर्गातल्या जवळपास सगळ्या पंपांची मोठी उणीव आहे. दोन मोटरचा पंप तणनाशकासाठी घेऊच नये, त्याचा जोर उंच फळझाडांसाठी ठीक.

नोजल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका आणि तारेने टोचू नका. तार भोक मोठं करते. जुना टूथब्रश आणि पाणी पुरतं. नव्यापेक्षा १० टक्के जास्त पाणी सोडू लागलं की नोजल फेकून द्यावं; पंपाच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘पंपाला किती मिली?’ या प्रश्नात. लेबलवर प्रमाण हेक्टरी किंवा एकरी असतं. पंपाला किती, हे तुमचा पंप, तुमचं नोजल आणि तुमची चाल मिळून ठरतं. ते काढायची रीत सोपी आहे. रानात १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. टाकीत खुणेपर्यंत साधं पाणी भरा. जो माणूस प्रत्यक्ष फवारणार आहे त्यानेच, त्याच नोजलने, नेहमीच्या चालीने तो चौकोन फवारावा. नंतर खुणेपर्यंत यायला किती पाणी लागलं ते मोजून भरा आणि त्याला ४० ने गुणा. ते झालं तुमचं एकरी पाणी.

उदाहरण सोयाबीनमधल्या इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव) या तणनाशकाचं घेऊ. लेबलवर हेक्टरी १ लिटर औषध आणि किमान ५०० लिटर पाणी आहे, म्हणजे एकरी ४०० मिली आणि २०० लिटर. १६ लिटरच्या साडेबारा टाक्या होतात, पंपाला ३२ मिली. आता एखाद्याच्या चौकोनात ३ लिटरच पाणी लागलं, तर त्याचं एकरी पाणी १२० लिटर, म्हणजे साडेसात टाक्या. त्याने दुकानात ऐकलेले ३२ मिलीच टाकले तर एकरात फक्त २४० मिली औषध पडतं. तण पिवळं पडतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा हिरवं होतं. मग औषध बोगस ठरतं, दुसरं आणलं जातं आणि त्या शेतात एकाऐवजी दोन तणनाशकं पडतात. शिवाय अर्धवट मात्रेतून वाचलेलं तण बी टाकून जातं, ते वेगळंच. उलट बाजूला, हळू चालणाऱ्या माणसाच्या १५ टाक्या लागल्या तर त्याच ३२ मिलीने एकरी ४८० मिली होतं आणि सोयाबीनच पिवळं पडतं. अशा वेळी नोजल किंवा चाल बदलून पाणी २०० लिटरच्या जवळ आणावं आणि मग मात्रा ठरवावी. झाकणाने औषध मोजणं बंद करा, १०० मिलीचं मापपात्र वापरा.

बॅटरी उतरत आली की हेच गणित पुन्हा बिघडतं. पहिल्या टाकीला आणि दहाव्या टाकीला एक-एक मिनिट फवारा मापात धरून पाहा. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर बॅटरीचा दम संपलाय. उरलेलं रान दुसऱ्या दिवशी.

टाकीत ढवळायची सोय बहुतेक पंपांत नसते. पाण्यात मिसळणारी भुकटी थोड्याच वेळात तळाशी बसते, त्यामुळे सुरुवातीच्या ओळींना दाट आणि शेवटच्यांना पातळ औषध मिळतं. भुकटी आधी बादलीत कालवून घ्या, टाकी अर्धी पाण्याने भरा, मग ते ओता आणि वरून पाणी. मधे थांबलात तर पंप हलवून मगच पुढे जा. गाळणी काढून औषध ओतू नका, नाहीतर कचरा मोटरच्या रबरी पडद्यात अडकतो आणि फवारा धडधडत येतो.

तणनाशकाला वेगळा पंप ठेवा, यात सूट नाही. २,४-डी या तणनाशकाचा अंश नळीच्या रबरात मुरतो. त्याच पंपाने कपाशी फवारली की आठवड्याभरात नवी पानं भेंडीच्या पानासारखी अरुंद, पंजासारखी येतात. अनेकांना तो रोग वाटतो आणि त्यावर पुन्हा औषध मारलं जातं. द्राक्ष आणि टोमॅटोही २,४-डीला तितकेच नाजूक. पंप एकच असेल तर तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा, मग अमोनियाचं एक टक्का द्रावण नळी-नोजलसकट भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा धुवा. धुतलेलं पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे जाता कामा नये.

आता ज्यामुळे या पंपाला पूर्ण गुण देता येत नाहीत ती गोष्ट: गळती. झाकणातली हवेची झडप आणि टाकीच्या बुडाशी नळीचा जोड, या दोन जागा हमखास पाझरतात. १६ लिटर पाणी आणि पंप मिळून २० किलोच्या वर ओझं पाठीवर असतं. वाकलं की झाकणातून औषध मानेवर येतं आणि सदरा दिवसभर ओला राहतो. फवारणीत ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातली औषधं शरीरात जातात ती मुख्यतः कातडीतून. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा उष्ण-दमट, एका टाकीत दोन-तीन औषधं, बारीक तुषार उडवणारे नवे पंप आणि अंगावर संरक्षक कपडे नाहीत, असं सगळं एकत्र आलं होतं. त्यानंतर सरकारने पाच औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्या मरणांना केवळ मजुराची बेफिकिरी म्हणणं अन्यायाचं आहे. हातमोजे आणि पाठीवरचं प्लास्टिक देणं हे रानमालकाचं काम आहे.

म्हणून कपाशी छातीच्या वर गेली की या पंपाने समोर फवारत चालू नका. वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून सुरुवात करा आणि ओळीओळीने वाऱ्याच्या उगमाकडे सरका, म्हणजे फवारलेल्या झाडांतून जावं लागत नाही. हातमोजे नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) घ्या. कापडी किंवा चामडी मोजे औषध शोषून धरतात. मळमळ, लाळ, घाम, बाहुल्या बारीक होणं यातलं काही दिसलं तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या लेबलसकट दवाखान्यात न्या.

एक सावधगिरी या पंपाच्या सोयीबद्दलही. हाताला कष्ट नाहीत म्हणून फवारण्या वाढतात. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा असतो. पंप चार्ज झालाय, हे कारण त्यात बसत नाही.

बॅटरीला ६ ते ८ तास चार्जिंग द्या, पूर्ण उतरेपर्यंत चालवू नका आणि उन्हाळ्यात पंप पडून असेल तेव्हा महिन्यातून एकदा चार्ज करा. पडून राहिलेली शिसे-आम्लाची बॅटरी पुढच्या जूनमध्ये दोन टाक्यांत बसते. कोरडी मोटर चालवू नका.

विकत घेताना दुकानातच टाकी पाण्याने भरून पंप आडवा करा आणि पाच मिनिटं झाकण व बूड पाहा. मग खटका बंद ठेवून मोटर चालू करा; ती काही क्षणांत आपोआप थांबली पाहिजे. थांबली नाही तर दाबाचा स्विच खराब आहे आणि नळी क्लॅम्पपाशी सुटून औषध अंगावर येईल. झडपेचे वॉशर, मोटरचा पडदा आणि खटक्याचा सुटा भाग त्याच दुकानात मिळतो का ते विचारा. मिळत नसेल तर तो पंप पाचशे रुपयांनी स्वस्त असला तरी घेऊ नका.