थेट बागेतून घरपोच हापूस: बेभरवशाच्या हंगामातली एक भरवशाची सेवा

देवगड तालुक्यातील एक बागायतदार कुटुंब आपल्या बागेतला हापूस दलालाविना, आगाऊ नोंदणी घेऊन पुण्या-मुंबईकडे घरपोच पाठवते. २०२५ च्या हंगामात मी त्यांच्याकडून आंबा घेतला. बाग लहान आहे आणि नोंदणी ओळखीपाळखीतूनच भरते, म्हणून कुटुंबाचे नाव येथे देत नाही. परंतु अशी सेवा कोणत्या निकषांवर पारखावी, हे या अनुभवातून चांगले समजते.

या मंडळींची पहिली अट अनेकांना रुचणार नाही. आंबा कोणत्या तारखेला मिळेल, हे ते सांगत नाहीत. गुढीपाडव्याला पेटी हवी असेल तर दुसरीकडे पाहा, असे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट करतात. त्याऐवजी डिसेंबरपासून दर पंधरवड्याला बागेची खबर कळवतात: मोहोर किती आला, कणी (मोहोरातली इवली फळे) किती धरली, गळ किती झाली. मला या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटली, कारण आजच्या हवामानात हापूसची तारीख देणे म्हणजे हातात नसलेल्या गोष्टीचा शब्द देणे आहे.

हापूसला मोहोर येण्यासाठी पाऊस संपून जमिनीला ताण बसावा, म्हणजे ती कोरडी व्हावी लागते आणि पाठोपाठ थंडी पडावी लागते. पाऊस लांबला की ताण बसत नाही, झाड पालवी काढते आणि ती पक्व होईपर्यंत मोहोर पुढे जातो. थंडी उशिरा आणि रेंगाळत पडली, तर कणी धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहोर फुटतो आणि झाड आपले अन्न नव्या मोहोराकडे वळवून आधीची फळे टाकून देते. ढगाळ दमट हवेत तुडतुडे ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग येतो, मग फवारणीचा खर्च वाढतो. यातून जे फळ वाचते, त्याची गाठ फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाशी पडते. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च २०२२ मध्ये होता आणि सर्वांत उष्ण फेब्रुवारी २०२५ मध्ये. देवगडच्या बागा कातळावर आहेत. तापलेल्या कातळाची धग खालून लागते आणि फळ भाजते, गळते किंवा आतून साका धरते, म्हणजे त्याचा गर पांढरट, स्पंजासारखा होतो.

वादळे वेगळीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये ५२ टक्क्यांनी वाढली. मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ देवगड ज्यात येतो त्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आंबा झाडावरच होता.

आता प्रत्यक्ष मालाविषयी. माझी पहिली पेटी एप्रिलच्या उत्तरार्धात आली. फळे चौदा आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार झाल्यावर, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासह काढलेली होती. देठ अखंड असल्यामुळे सालीवर चिकाचा एकही डाग नव्हता. भाताच्या पेंढ्यात रचलेली फळे साधारण अडीचशे ग्रॅमच्या आसपासची, आणि पेटीत तोडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी. देठाजवळचा खळगा खोल आणि खांदे भरलेले होते, यावरून फळ कोवळे काढलेले नाही, हे लगेच कळले. आढी घरीच घातली, म्हणजे फळे पिकण्यासाठी पेंढ्यात रचून ठेवली. पाच-सहा दिवसांनी साल पिवळी होऊन किंचित सुरकुतली आणि दार उघडताच वास यावा, असा आंबा तयार झाला. चवीविषयी तक्रारीला जागाच नाही. रेषाविरहित, घट्ट, केशरी गर.

त्रुटी मात्र नोंदवली पाहिजे. पेटीतल्या दोन फळांत साका निघाला: बाहेरून निर्दोष फळ, आत कोयीजवळ पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. कळवल्यावर त्यांनी पुढच्या पेटीत दोन फळे जास्त घातली. पण याबाबतचे धोरण नोंदणीच्या वेळीच लेखी द्यायला हवे होते. उष्णता वाढते आहे तसा हा प्रश्नही वाढणार, त्यामुळे तो बागायतदाराच्या सौजन्यावर सोडून चालणार नाही. झाडाखाली गवताचे आच्छादन केल्यास जमिनीची धग कमी होते आणि साकाही घटतो. तसे ते करतात का, याचे उत्तर मला मोघम मिळाले.

२०२५ मध्ये डझनाचा दर बाराशे रुपये होता, म्हणजे माझ्या भागातल्या बाजारापेक्षा चढाच. तो मला रास्त वाटतो, कारण हंगाम बुडाला तर काय, याचे उत्तर या सेवेकडे आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोकणात मुसळधार पाऊस लागला, २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोहोचला, जो नोंदींतला सर्वांत लवकरचा आहे, आणि झाडावरच्या उरलेल्या आंब्याचे मातेरे झाले. माझी शेवटची पेटी आली नाही. भिजलेले फळ गळ्यात मारण्याऐवजी त्यांनी निम्मी रक्कम परत केली. उरलेली निम्मी बागेच्या खर्चासाठी राहील, ही अट आधीच सांगितलेली होती आणि मला ती मनापासून मान्य आहे. फवारणी, राखण आणि मजुरीचा पैसा बागायतदार आधीच ओतून बसलेला असतो. पाऊस पडल्यावर सगळा तोटा त्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

पाडव्याच्या पेटीसाठी मिळणारा चढा भाव हेही हंगाम बुडण्याच्या दुखण्याचे एक कारण आहे. त्या भावाच्या आशेने पॅक्लोब्युट्राझोल हे रसायन वापरून मोहोर लवकर आणला जातो आणि नेमका तोच मोहोर लांबलेल्या पावसात सापडतो. हे कुटुंब त्या शर्यतीत उतरत नाही.

पुढच्या हंगामासाठी मी पुन्हा नोंदणी केली आहे. ज्यांना विचार करायचा असेल त्यांनी अशा कोणत्याही बागायतदाराला तीन गोष्टी आधी विचाराव्यात: तोडणीची तारीख पेटीवर असते का, साक्याची भरपाई कशी होते आणि पीक गेले तर पैशांचे काय. शक्य असल्यास एप्रिलअखेरची तोडणी मागावी आणि मेच्या उत्तरार्धातली पेटी मिळालीच तर घ्यावी, या बोलीवरच नोंदवावी.