तालमीला नायकपद देणारी मालिका : ‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’

नाटकवाल्यांच्या आयुष्यावर बेतलेल्या बहुतेक चित्रपट-मालिकांत नाटक हे निमित्तमात्र असते. खरे कथानक प्रेमाचे, मत्सराचे नाहीतर यशापयशाचे असते आणि तालीम दोन प्रसंगांच्या मध्ये ओझरती दिसून जाते. २००३ ते २००६ या काळात आलेली ‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’ ही कॅनडातील इंग्रजी मालिका याला सणसणीत अपवाद आहे. एखादे वाक्य नटाच्या तोंडी कसे रुजते, ते पोकळ का वाटते आणि दिग्दर्शकाने नेमके काय सांगितले म्हणजे त्यात जीव येतो, याचा शोध हाच तिचा गाभा आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर उत्सवी नाटक उभे करणाऱ्या आणि कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी महिनोन्महिने घाम गाळणाऱ्या गोव्यातील प्रत्येक नाट्यमंडळाने ती पाहावी, असे मला मनापासून वाटते.

सुझन कॉइन, बॉब मार्टिन आणि मार्क मॅकिनी या तिघांनी ती लिहिली असून दिग्दर्शन पीटर वेलिंग्टन यांचे आहे. प्रत्येकी सहा भागांची तीन पर्वे आहेत आणि प्रत्येक पर्वाच्या केंद्रस्थानी शेक्सपिअरचे एक नाटक आहे : पहिल्यात ‘हॅम्लेट’, दुसऱ्यात ‘मॅकबेथ’, तिसऱ्यात ‘किंग लिअर’. तारुण्य, प्रौढत्व आणि वार्धक्य असा हा क्रम सहज लक्षात येतो, पण तो कुठेही बळेच अधोरेखित केलेला नाही. न्यू बरबेज या काल्पनिक गावातील नाट्यमहोत्सवात हे सारे घडते. १९५३ साली ऑन्टारिओ प्रांतातील स्ट्रॅटफर्ड येथे सुरू झालेल्या शेक्सपिअर महोत्सवाची छाया त्यावर स्पष्ट दिसते.

महोत्सवाचा प्रमुख दिग्दर्शक ऑलिव्हर वेल्स पहिल्याच भागात डुकराचे मांस वाहून नेणाऱ्या ट्रकखाली सापडून मरतो आणि त्याच्या जागी त्याचा जुना शिष्य जेफ्री टेनंट येतो. सात वर्षांपूर्वी हॅम्लेट साकारत असताना भर प्रयोगात मन:स्थिती ढासळून रंगमंच सोडून गेलेला हा नट आता त्याच नाटकाच्या दिग्दर्शनाला उभा राहतो, आणि ऑलिव्हरचे भूत पावलोपावली त्याच्याशी हुज्जत घालत राहते. भुताची ही कल्पना वरवर थिल्लर वाटण्याचा धोका होता. पण हॅम्लेटच्या बापाचे भूत जिथे रोज तालमीत येते, तिथे दिग्दर्शकालाही एक भूत असावे यात लेखकांनी विलक्षण औचित्य साधले आहे. पॉल ग्रॉस यांनी जेफ्रीचा संताप, विनोद आणि नाटकावरचे वेडे प्रेम एकाच श्वासात दाखवले आहे. त्यांची खऱ्या आयुष्यातील पत्नी मार्था बर्न्स येथे एलन ही ज्येष्ठ अभिनेत्री साकारते, आणि या दोघांच्या भांडणांना जी धार आहे ती केवळ संवादांतून येणारी नाही.

पहिल्या पर्वातील तालमी मी पुन:पुन्हा पाहाव्यात अशा मानतो. हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया हिच्या वेडाचा प्रवेश वरवरच्या हावभावांनी करू पाहणाऱ्या नटीला जेफ्री आवाज चढवायला किंवा केस मोकळे सोडायला सांगत नाही. ही मुलगी कोण आहे, तिच्या आयुष्यात उरलेला आधार कोणता होता आणि तो कुणी हिरावून घेतला, हे तो तिच्यासमोर उभे करतो. बोलता बोलता त्याचा स्वर खाली येतो, आणि बाजूला बसलेली, छोट्या भूमिकेवर समाधान मानणारी केट ते सारे टिपून घेते. दुसरीकडे हॅम्लेटच्या भूमिकेसाठी आणलेला चित्रपटातील तारा जॅक क्रू मूळ संहिता बोलायचे टाळून स्वत:च्या शब्दांत वेळ मारून नेतो, त्यामुळे सहकलाकार अस्वस्थ होतात. शुभारंभाच्या प्रयोगाआधी भेदरलेल्या जॅकला सगळ्या नाटकाचे ओझे डोक्यावर घेऊ नकोस, फक्त सहा स्वगते नीट पार पाड, असे जेफ्री सांगतो. भीतीने गोठलेल्या नटाला यापेक्षा उपयोगी सूचना देता येईल असे मला वाटत नाही.

आपल्याकडच्या उत्सवी नाटकात नायिका पुष्कळदा बाहेरून बोलावलेली असते आणि उरलेल्या मंडळींशी तिची गाठ रंगीत तालमीलाच पडते. विंगेत पुस्तक धरून बसलेल्या प्रॉम्प्टरचे वाक्य पहिल्या रांगेला नटाआधी ऐकू येते. या पद्धतीत उत्साह अमाप आहे, मात्र वाक्याच्या मुळाशी जाण्यासाठी लागणारा वेळ कुणाकडेच उरत नाही. दिवसभराची नोकरी आटोपून रात्री तालमीला येणाऱ्या नटाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्या तुटपुंज्या वेळात दिग्दर्शकाने आधी काय हाती घ्यावे, याचे शिक्षण मात्र या मालिकेतून नक्की मिळते.

दुसरे पर्व थोडे विस्कळीत आहे, तरी त्यातील बदली नटाचे उपकथानक अप्रतिम आहे. मॅकबेथ करणारा हेन्री ब्रीडलव्ह पूर्वीच्या यशातच रमलेला असून दिग्दर्शकाची एकही सूचना मनावर घेत नाही. अखेर त्याला काढल्यावर जेरी नावाचा साधा, घाबरट नट उभा राहतो आणि सारी नटमंडळी त्याला सांभाळून घेत प्रयोग पार पाडतात. पुढे हेन्री परततो तेव्हा त्याला न सांगता हालचाली बदलल्या जातात आणि त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती उमटते. नटाच्या पाठीमागे असे काही करणे कितपत योग्य, हा प्रश्न मालिका मिटवून टाकत नाही, हे मला विशेष आवडले.

व्यवस्थापनाच्या चित्रणात मात्र लेखकांचा हात ढिला पडतो. नाट्यगृहाभोवती करमणूकनगरी उभारू पाहणारी हॉली आणि दुसऱ्या पर्वातील जाहिरातवाला संजय ही माणसे कमी आणि टीकेची लक्ष्येच अधिक आहेत. प्रायोजक, वर्गणीदार आणि तिकीटविक्री यांवाचून नाटक चालत नाही, हे देवस्थान समितीकडे हिशेब मांडणाऱ्या आपल्या मंडळांना चांगले ठाऊक आहे. त्या बाजूलाही तालमीइतकीच सहानुभूती मिळायला हवी होती. ती मिळते फक्त कार्यालय सांभाळणाऱ्या अ‍ॅनाला. रंगमंच व्यवस्थापक मारिया आणि नायजेरियात नाट्यदिग्दर्शक असलेला, पण येथे पहारेकरी म्हणून काम करणारा नाहुम यांना आणखी जागा मिळती तर मालिका अधिक भरीव झाली असती.

तिसऱ्या पर्वात आजाराने पोखरलेला वृद्ध नट चार्ल्स किंगमन लिअर साकारायला येतो. ही भूमिका करणारे विल्यम हट स्ट्रॅटफर्डच्या पहिल्या हंगामापासूनचे नट होते आणि तेथे लिअरही त्यांनी रंगवला होता. २००७ साली त्यांचे निधन झाले. दि गोवा हिंदू असोसिएशनने १९७० साली रंगमंचावर आणलेल्या ‘नटसम्राट’मुळे म्हातारा नट आणि लिअर यांचे नाते मराठी प्रेक्षकाला नवे नाही, पण किंगमनचे दु:ख वेगळे आहे. त्याला मुलांनी टाकलेले नाही. त्याचे शरीर त्याला दगा देत आहे, आणि तो कॉर्डेलिया, म्हणजे लिअरची धाकटी मुलगी, करणाऱ्या नटीशी इतका निष्ठुर वागतो की त्याच्याविषयीची कणव आपल्याला सहजासहजी बहाल करता येत नाही. हट यांनी ही निष्ठुरता जराही सौम्य केलेली नाही.

मालिकेत शिवराळ भाषा आहे आणि तिसऱ्या पर्वात अमली पदार्थांचे उल्लेख येतात, त्यामुळे ती लहान मुलांबरोबर पाहण्याजोगी नाही. संवाद वेगवान आहेत, म्हणून उपशीर्षके चालू ठेवलेली बरी. शेक्सपिअर आधी वाचलेला नसला तरी काही अडत नाही, कारण प्रत्येक नाटकातील आवश्यक तेवढे कथानक तालमींतूनच उलगडत जाते. सगळे अठरा भाग पाहणे जमणार नसेल तर पहिले पर्व स्वयंपूर्ण आहे. मंडळाने नव्या नाटकाचे वाचन सुरू करण्यापूर्वी ते एकत्र बसून पाहावे आणि त्यानंतर सवड मिळेल तेव्हा, दुसरे वगळावे लागले तरी, तिसरे चुकवू नये.