निम्मा सागवानी, निम्मा कंपोझिट: सहा वर्षं वापरलेल्या डेकचा अनुभव

घरामागचा आमचा डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, यंदा सहा वर्षांचा झाला. वर छप्पर नाही, आडोसा नाही. काही महिने रणरणतं ऊन, मग दिवसच्या दिवस पाऊस, मग गारठा आणि पहाटेचं दव, हे सगळं तो उघड्या अंगावर घेतो. बांधताना आम्ही दोन प्रकारच्या फळ्या घेतल्या. दिवसभर ऊन येणाऱ्या भागात गडद तपकिरी कंपोझिट आणि झाडाच्या सावलीतल्या भागात सागवान. तेव्हाचा हिशेब सरळ होता: ऊन लाकडाला खातं, म्हणून उन्हात प्लॅस्टिकचं काहीतरी टाकू, सावलीत लाकूड सुखात राहील. हा हिशेब उलटा होता. डेक करायचा विचार असेल त्यांना हे आधीच कळावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी कंपोझिटबद्दल. ही फळी म्हणजे वितळलेल्या पॉलिथिलिनसारख्या प्लॅस्टिकमध्ये लाकडाचा भुसा मिसळून काढलेली पट्टी. आमच्या फळीला वरून निव्वळ प्लॅस्टिकचा पातळ थर आहे, त्यालाच कॅप म्हणतात. हा थर नसलेली कंपोझिट फळी घेऊच नका, असं मी ठामपणे सांगेन. भुसा उघडा राहिला की तो पाणी पितो, डाग धरतो, त्यावर बुरशीचे काळे ठिपके उठतात. आणि कॅप नीट बघून घ्या. काही फळ्यांना ती फक्त वरून असते, काहींना चारही बाजूंनी. आमच्या फळ्यांना वर आणि कडांना आहे, खालची बाजू उघडी. दुकानात नमुना हातात घेतला तेव्हा उलटून बघायचं मला सुचलं नव्हतं. तुम्ही उलटून बघा.

सहा वर्षांत कॅपचा रंग थोडा फिका झाला, बहुतेक सगळा पहिल्याच वर्षी. सांडलेलं तेल साबणाच्या पाण्याने निघालं. टोचणारी कूस नाही, भेग नाही, एकही फळी वाकडी नाही. कौतुक करावं असं एवढं नक्की आहे.

आता त्रासाचं. डेक बसवला तो थंडीच्या दिवसांत, सकाळी लवकर. चार मीटरच्या फळ्या टोकाला टोक लावून टाकल्या आणि मध्ये जेमतेम दोन मिलिमीटर फट ठेवली. फिटिंग करणाऱ्या मंडळींना लाकडाची सवय होती, आणि लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही. ते पाणी पिऊन रुंदीला फुगतं आणि वाळलं की रुंदीलाच आकसतं. कंपोझिटचं गणित वेगळं आहे. ते मुख्यतः तापमानाने आणि लांबीला वाढतं. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी मागून कडकन आवाज आला. जाऊन पाहिलं तर दोन फळ्यांची टोकं एकमेकांना रेटून वर उचलली गेली होती आणि फळी धरून ठेवणारी एक क्लिप तुटून बाजूला पडली होती.

मग मी फळ्यांसोबत आलेलं माहितीपत्रक शोधून काढलं. त्यात स्वच्छ तक्ता होता: बसवताना फळीचं तापमान इतकं असेल तर टोकाला इतकी फट. थंडीत बसवत असाल तर जास्त, उन्हात कमी. तो कुणीच वाचला नव्हता, मीसुद्धा नाही. टोकं कापून फटी वाढवून घेतल्या, प्रत्येक फळी मधोमध एकाच ठिकाणी पक्की केली आणि बाकी क्लिपा सरकत्या ठेवल्या, म्हणजे ती दोन्ही बाजूंना मोकळेपणी वाढेल. नंतर एका कडक उन्हाच्या दिवशी मुद्दाम कॅलिपर घेऊन बसले. सकाळी फट 8 मिलिमीटर होती, दुपारी अडीचला 2. रोज एवढी हालचाल ती फळी करते. भिंतीला टेकून तिला जागाच ठेवली नाही, तर ती जाणार कुठे?

दुसरा त्रास आईमुळे लक्षात आला. आई काठी घेऊन अनवाणी बाहेर येते, चप्पल तिला काठीबरोबर जमत नाही. दुपारी ती सागवानावर उभी राहायची आणि कंपोझिटच्या अलीकडे थांबायची. मला वाटायचं, दमली असेल. एकदा ती म्हणाली, "अगं, पलीकडे चटका बसतो." इन्फ्रारेड थर्मामीटर मागवला आणि मोजलं. हवा 35 अंश, गडद कंपोझिट 61. सागवानाची एक सुटी फळी त्याच उन्हात तासभर ठेवली, तर ती 52. आकडा सोडा, हात ठेवून बघितला तरी फरक कळत होता. कंपोझिट जास्त घट्ट असतं, उष्णता धरून ठेवतं आणि तळव्याला पटकन देतं. उन्हात कंपोझिट टाकायचंच असेल तर फिक्या रंगाचं टाका. दुकानात गडद रंग उठून दिसतो, म्हणून मी तो निवडला. आईच्या तळव्यांचा विचार तेव्हा केला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

एक बारीकशी गोष्ट: समोर लो-ई काचेची, म्हणजे उष्णता परतवणारा थर दिलेल्या काचेची, मोठी खिडकी असेल तर सांभाळा. अशा काचेवरून परतणारं ऊन एका जागी एकवटलं तर प्लॅस्टिकची फळी मऊ पडून वाकू शकते.

सागवानाबद्दल मला भरभरून लिहावंसं वाटतं, कारण त्याची सेवा मी माझ्या हाताने केली आहे. सागाचं टिकाऊपण गाभ्यात असतं. त्यातलं नैसर्गिक तेल आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतात. सालीजवळच्या पांढुरक्या लाकडात हे काही नसतं, ते लवकर कुजतं. आमच्या लॉटमध्ये तीन फळ्यांच्या कडेला बोटभर पांढरा पट्टा होता. सुतारकाका म्हणाले, "ताई, ह्या परत करा." लाजेखातर मी एक ठेवून घेतली. चौथ्या वर्षी नेमकी त्याच फळीची कड नखाने उकरली जाऊ लागली, बाकीचा भाग दगडासारखा. कमी वयाच्या झाडाच्या सागातही गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त निघतं. तेव्हा नुसतं 'साग आहे' या शब्दावर जाऊ नका, फळी अन् फळी बघून घ्या.

साग उघड्यावर ठेवला की रुपेरी राखाडी होतो. खूप जणांना वाटतं लाकूड खराब झालं. तसं नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, सुटतं आणि पाऊस ते धुऊन नेतो, एवढंच. हा थर अगदी पातळ असतो. एका कोपऱ्यात पॉलिश पेपर मारून पाहिला, चार हात फिरवले आणि खाली तोच मधाळ रंग. लाकडाचा खरा शत्रू ऊन नाही, न वाळणारं पाणी आहे. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी धरत नाही. सावलीत, पानांच्या कचऱ्याखाली तो तसा राहत नाही. आमचा साग नेमका तिथेच बसवलेला.

दुसऱ्या पावसाळ्यात तिथे हिरवं शेवाळ धरलं आणि मी स्वतः घसरले, मनगट महिनाभर दुखलं. पहिल्यांदा प्रेशर वॉशर मारला, ती माझी चूक. शेवाळ गेलं, पण लाकडाचे मऊ भाग उकरले गेले, पोत उघडा पडला आणि पुढच्या वर्षी त्याच खाचांमध्ये दुप्पट शेवाळ आलं. आता सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात विरघळवून ओतते, पंधरा मिनिटं ओलं ठेवते आणि मऊ ब्रशने पोताच्या दिशेने घासते. फळ्यांमधल्या फटीत अडकलेली पानं प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने काढते. हे शेवटचं काम दिसायला क्षुल्लक आहे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. फट बुजली की पाणी फळीच्या कडेला दिवसेंदिवस बसून राहतं.

तिसऱ्या वर्षी रेलिंगचं काम निघालं. तिथे ग्राइंडर चालला आणि लोखंडाचा चुरा सागावर उडाला. रात्री पाऊस झाला. सकाळी शाई शिंपडावी तसे शेकडो काळे ठिपके. मी रडवेली झाले. लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड पाण्यात भेटलं की हा काळा रंग होतो. साबण, घासणं, कशाने जाईना. सुतारकाकांनी ऑक्झॅलिक ॲसिड आणायला सांगितलं. हातमोजे आणि चष्मा घालून, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावलं, आणि ठिपके डोळ्यांदेखत तपकिरी झाले, मग फिके, मग गेले. नंतर भरपूर पाण्याने धुतलं. ते विषारी आहे, मुलं आणि प्राणी दूर ठेवा, आणि ब्लीचिंगच्या पाण्यात कधीही मिसळू नका. याच कारणासाठी सागात साधे लोखंडी स्क्रू नकोत. स्टेनलेस वापरा, आणि समुद्र जवळ असेल तर 316 दर्जाचे, त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खारी हवा ते जास्त सोसतात.

तेल लावायचं की नाही, हा तुमच्या आवडीचा प्रश्न आहे. राखाडी रंग चालत असेल तर साग तेलाशिवायही टिकतो. मी वर्षातून एकदा लावते, कारण मला तो रंग आवडतो. पाण्याचे चार थेंब टाकायचे. मोत्यासारखे उभे राहिले तर थांबायचं, जिरले तर तेल लावायचं. पातळ हात, आणि न जिरलेलं तेल वीस मिनिटांत पुसून काढायचं, नाहीतर चिकट राहून धूळ धरतं. जवसाचं तेल असलेली फडकी गोळा करून कधीही टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. व्हार्निश मात्र डेकवर नको. फळी हलते, व्हार्निशला भेग पडते, पाणी आत शिरतं आणि पापुद्रे निघतात. मग सगळं खरवडून काढण्यात सुट्ट्या जातात.

पाचव्या वर्षी पांढऱ्या कडेची ती फळी बदलायला काढली, तेव्हा खालचा भाग पहिल्यांदा नीट पाहिला. खालचे वासे औषध मुरवलेल्या पाइनचे आहेत. वाशांच्या डोक्यावर ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी लावली होती, म्हणजे स्क्रूच्या भोकातून पाणी आत जात नाही. पट्टी होती तिथे लाकूड कोरडं, फिकट हिरवं, जसंच्या तसं. एका वाशावर मात्र शेवटची हातभर पट्टी लावायची राहून गेली होती. तिथल्या स्क्रूच्या भोकात पेचकस टेकवला आणि जोर न लावता तो बोटाच्या एका पेराएवढा आत गेला. बाहेर आला तो ओला, टोकाला काळा भुगा. औषध पाइनच्या आतपर्यंत सगळीकडे पोचत नाही. भोक पाडलं किंवा टोक कापलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. कापलेल्या टोकाला पुन्हा औषध लावायचं असतं. तेही आमच्याकडे निम्म्याच वाशांना लावलं होतं. इतकी वर्षं मी वरच्या फळ्यांना जपत होते, आणि कूज खालून चालली होती.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. कंपोझिटच्या कागदावर 25 वर्षं लिहिलं आहे, पण वाशांमधलं अंतर, फटी, खालची हवा, सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे असेल तरच, आणि मजुरी त्यात धरलेली नाही. फळी उचलली गेली तेव्हा मी तक्रार केली होती. बसवताना चूक झाली, असं उत्तर आलं, आणि ते खरं होतं. म्हणून बसवतानाचे फोटो काढून ठेवा, मोजपट्टी फळीशेजारी धरून.

दोन्ही फळ्या चांगल्या आहेत. साग उन्हात ठेवा, तिथे तो रोज वाळतो आणि पायाला कमी तापतो. कंपोझिट सावलीत ठेवा. शेवाळ त्यावरही येतं, पण कॅपमध्ये मुरत नाही, ब्रशने निघतं, आणि तिथे तापमान फार वरखाली होत नसल्यामुळे टोकंही कमी हलतात.

या कोरड्या दिवसांत मी आणि सुतारकाका अदलाबदल करतो आहोत. कुजलेल्या वाशाला शेजारी नवीन वासा जोडला, पट्टी अगदी टोकापर्यंत लावली आणि कापलेल्या टोकांना औषध दोन हात दिलं. सागाच्या सहा फळ्या उन्हाकडे गेल्या आहेत. खालची बाजू वर केली, ती अजून नव्यासारखी आहे. काल दुपारी दोनला आई त्या सहा फळ्यांच्या कडेपर्यंत चालत गेली आणि विचारलं, "पुढच्या कधी बसवताय?" बारा फळ्या अजून बाकी आहेत.